अंगणातले बिनमालकाचे पाणी

१

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास माईंच्या अंगणात, अगदी मधोमध, पुन्हा पाणी आले.

आले म्हणजे कुठून वाहत आले नाही, वरून पडले नाही, की फुटल्यासारखे उसळलेही नाही. आधी मातीचा रंग गडद झाला, मग ताटाएवढे वर्तुळ ओले झाले, आणि सून गच्चीवर कपडे वाळत घालून खाली येते तोवर त्या वर्तुळात आभाळाचा तुकडा दिसू लागला. पाच आठवडे हा प्रकार चालला होता. भिंतीलगतची माती खडखडीत, नळाखालची खडखडीत, पायरीपाशीही तेच. ओल काय ती मधल्या जागी, जिच्याशी कुणाचा काही संबंध नाही.

"काकांशिवाय हे काम दुसऱ्या कुणाचं नाही," मुलगा कमरेवर हात ठेवून म्हणाला.

"तुझ्या काकांचं पाणी बारा हात उडी मारून येतं वाटतं?" माई म्हणाल्या. "भिंतीच्या बुडाशी थेंब नाही आणि इथे तळं. जरा बघून बोलावं."

"पाइप घातला असेल खालून. शनिवारी खोदाईचं मशीन येतंय. भिंतीच्या कडेने पाच फूट खोल चर मारायचा. पाइप सापडला की फोटो काढायचे, आणि त्याच दिवशी वकिलाची नोटीस काकांच्या हातात. मजकूर तयार आहे."

माई भिंतीकडे पाहत राहिल्या.

भिंतीला नऊ वर्षे झाली होती. तिच्या पलीकडे त्यांचे दीर, म्हणजे मुलाचे काका, आणि जाऊ राहत. जाऊ मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती. सगळी गल्ली तिला मेट्रन म्हणे, आणि माईही तेच म्हणत. तेवीस वर्षे दोघींनी एका चुलीवर स्वयंपाक केला होता. मग माईंचे यजमान आजारी पडले. मेट्रन म्हणाली, आजच्या आज भरती करा. माई म्हणाल्या, घरीच बरे होतील. ते बरे झाले नाहीत. तेराव्या नव्हे, तिसऱ्याच दिवशी, चार माणसांत, मेट्रनच्या तोंडून निघून गेले, "दोन दिवस आधी आणलं असतं तर!" आणि माई उलटून म्हणाल्या, "तुझ्या हाताखाली किती मेले, त्यांची मोजदाद कर आधी." एवढ्या दोन वाक्यांवर भिंत उभी राहिली.

सहा महिन्यांपूर्वी कानावर आले की मेट्रन लेकीकडे राहायला गेली, दूरच्या शहरात. त्या दिवसापासून माईंनी मनाशी एक ठरवले होते. ती परत आली, की आपण पलीकडे जायचे आणि चूक कबूल करायची. गुडघे कुरकुरत होते, दिवस थोडे उरले होते, आणि आयुष्यात हवे असे आता एवढेच राहिले होते. नोटीस एकदा त्या दारातून आत गेली, की माईंना ते दार कधीच उघडणार नव्हते.

"शनिवारपर्यंत तू त्या कागदाला हात लावायचा नाहीस," त्या म्हणाल्या. "त्याआधी मी पाण्याचा मालक शोधून काढते."

"आणि नाही सापडला तर?"

"तर मशीन आण."

शब्द तोंडून गेला आणि माईंना कळले, की आपल्या हाती आता तीनच दिवस आहेत.

२

दुसऱ्या दिवशी त्यांनी कानसेनांना बोलावले.

खरे नाव काही का असेना, पाणीखात्यात सगळे त्यांना कानसेन म्हणत. बत्तीस वर्षे त्यांनी एकच काम केले होते: लोखंडी सळईचे एक टोक जमिनीवर टेकवायचे, दुसरे कानाला लावायचे, आणि खाली कुठे पाइप गळतो ते ऐकायचे. निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी सळई सुटली नव्हती. माणूस किरकोळ, शर्टाचा खिसा चिठ्ठ्यांनी फुगलेला, आणि बोलणे असे की जणू समोरच्याचीही गळती तपासत आहेत.

"कुठे आहेत पाहुणे?" त्यांनी विचारले.

अंगण कोरडे होते. आभाळ सकाळपासून भरून आले होते, पण पाऊस नव्हता, आणि साडेअकरा वाजून गेले तरी त्या जागी थेंब आला नव्हता.

"आज सुट्टी दिसते," कानसेन म्हणाले. त्यांनी घरातले सगळे नळ बंद करवले, मीटरसमोर उकिडवे बसून अर्धा तास काट्याकडे पाहिले, आणि मग सळई टेकवत टेकवत अंगण पालथे घातले. "बाई, तुमच्या पाइपात काही खोट नाही. शिवाय नळाची गळती सुट्टी घेत नाही. ती रविवारी गळते, सणाला गळते, साहेबाच्या बदलीच्या दिवशीही गळते. ज्या पाण्याला सुट्ट्या आहेत, त्याच्यामागे एकतर माणूस असतो, नाहीतर हवामान. पाणी कुठल्या दिवशी आलं नाही, ते कुणाला आठवतंय?"

मुलाला आठवेना. माईंनाही खात्रीने सांगता येईना. सून मात्र बोटांवर मोजू लागली.

"गेल्या आठवड्यात गुरुवारी आणि शुक्रवारी नव्हतं. त्याच्या आधी एक सोमवार नव्हता. आणि आज."

"एवढं पक्कं कसं काय?"

"त्या दिवशी माझे कपडे वाळले नव्हते ना. दमट कपडे घडी केले, म्हणून मुलांनी कुरकुर केली. ढग होते तिन्ही दिवस."

कानसेनांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिले. मग ते हळूच हसले.

"वा, सूनबाई! म्हणजे जगाच्या उलट. ऊन पडलं की ओल, ढग आले की कोरडं." त्यांनी मान वर केली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, उन्हावर पाणी तापवणारा बंब तिरक्या काचा लावून बसला होता. "तो कधी बसवला?"

"मागच्या वर्षी," मुलगा म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम पडला. बंब बसवायचा हट्ट त्याचाच होता.

३

बंब जोडणाऱ्या नळवाल्याला बोलावणे गेले. तो आला तो तावातावानेच.

"माझ्या जोडकामातून थेंब गळला तर मिशी उतरवीन!"

"मिशी आहे कुठे तुला?" माई म्हणाल्या.

"वाढवीन, आणि मग उतरवीन!"

कानसेनांनी वाद घातला नाही. त्यांनी बंबाचे पाणी वरूनच तोडायला लावले, काचांवर जुनी चादर टाकली आणि सांगितले, उद्या सकाळी पाहू. गुरुवार लख्ख उजाडला. नऊ वाजल्यापासून माई खुर्ची टाकून अंगणात बसल्या. दहा वाजले, अकरा वाजले. नळवालाही कामधंदा सोडून पायरीवर ठाण मांडून होता. अकरा वाजून वीस मिनिटांनी मातीचा रंग बदलू लागला.

"सुटलो!" नळवाला ओरडला, आणि चहाही न घेता निघून गेला.

कानसेन मात्र गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी खुरप्याने हातभर खड्डा केला. खाली माती नव्हती. विटांचे तुकडे, कौलांचे तुकडे, चुन्याचे ढेकूळ असा राडारोडा लागला.

"इथे पूर्वी काय होतं?"

"लिंबाचं झाड," माई म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. कौलांच्या कारखान्यात होते ते, पण जीव सगळा झाडांत. मी या घरात आले तेव्हा झाड डोक्याएवढं होतं. कुणी त्याला कधी पाणी घालताना मी पाहिलं नाही, आणि तरी कुठल्याच उन्हाळ्यात ते सुकलं नाही. मेट्रन म्हणायची, या झाडाची तब्येत आपल्या दोघींपेक्षा चांगली आहे." त्या थांबल्या. "याने तोडलं. गाडी लावायला."

"सात वर्षं झाली त्याला," मुलगा म्हणाला. "तेव्हा वाळतच आलं होतं ते."

"कधीच न सुकणारं झाड वाळत आलं होतं?" कानसेनांनी विचारले.

"भिंत झाल्यावर दोनेक वर्षांत पानं गळली. बुंधा उपटून खड्डा मीच भरून घेतला."

"एक विचारू? रागवायचं नाही. हे घर विकून फ्लॅटमध्ये जायचं तुमच्या मनात आहे, असं बाहेर ऐकलं. अंगणात रोज ओल दिसली, पाया खचेल म्हणून आईला भीती घातली, तर आईचं मन वळेल. बालदीभर पाणी नेऊन ओतायला कितीसा वेळ?"

मुलाचे कान लाल झाले. "मी साडेआठला दुकान उघडतो; हे पाणी बघायला या आठवड्यात काय तो मध्येच घरी येतोय. विचारा कुणालाही. आणि आईला फसवायचं असतं, तर काकांना कशाला मध्ये ओढलं असतं?"

"बरोबर आहे," कानसेन शांतपणे म्हणाले. "विचारणं माझं काम."

त्यांनी खड्ड्यातले पाणी काचेच्या पेल्यात भरून घेतले, गाळ खाली बसू दिला आणि पेला पांढऱ्या कागदावर ठेवला. मग चार थेंब काचेच्या तुकड्यावर पसरून उन्हात ठेवले. घटकाभराने ते वाळले. कानसेनांनी नखाने खरवडले, तर कांद्याच्या सालीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा निघून आला.

"बत्तीस वर्षांत असं पाणी पाहिलं नाही," ते पुटपुटले. "बाई, जरा पेला बघा. मला दिसतो तो रंग तुम्हालाही दिसतो का?"

माईंनी चष्मा सारखा केला. पेल्यातल्या पाण्यावर, पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर, अगदी पुसट निळी छटा होती.

४

त्या दिवशी दुपारी, नऊ वर्षांनी, माई दिरांच्या फाटकापर्यंत गेल्या.

आत जायचे नाही, एवढे त्यांनी कानसेनांना बजावले होते. "मी बाहेर उभी राहीन. तुम्ही खात्याचे म्हणून विचारा."

फाटकाची कडी जुनीच होती, पण तिच्यावर वितभर उंचीवर नवा अडसर बसवला होता, आणि त्याला कुलूप होते. खिडक्या बंद. घराच्या मागच्या बाजूला, फक्त पलीकडून उघडी अशी पत्र्याची शेड उतरली होती, त्यामुळे सुनेला गच्चीवरूनही तिथे पत्र्याखेरीज काही दिसत नसे. कानसेनांनी तीनदा हाक मारली, तेव्हा आतून किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि दीर बाहेर आले. दार त्यांनी मागे ओढून घेतले, पुन्हा किल्ली फिरवली, आणि किल्लीची दोरी गळ्यात घातली.

माईंना धक्का बसला. माणूस निम्मा झाला होता. एके काळी परीटघडीशिवाय दाराबाहेर न पडणारा हा माणूस चुरगळलेल्या सदऱ्यात उभा होता. कॉलरवर मळाची रेघ होती. एक बटण तुटले होते.

"पाणीखात्यातून आलोय. शेजारी ओल येते आहे. तुमच्याकडे मागे काही नवीन नळ, टाकी, मोरी?"

"काही नाही." दिरांचे लक्ष कानसेनांच्या खांद्यावरून माईंकडे गेले आणि झटकन परत फिरले. "भिंत झाल्यापासून एक वीट हलवलेली नाही."

"कपडे कुठे धुता?"

"मी?" ते कसेबसे हसले. "मशीन आहे. एकटा माणूस, माझे कपडे ते किती!"

"बाई कुठे आहेत घरातल्या?"

"लेकीकडे."

"कधी येणार?"

तेवढ्यात घरात, मागच्या बाजूला, स्टीलचे काहीतरी खणकन पडले. दिरांनी वळून पाहिले नाही. ज्या माणसाच्या रिकाम्या घरात आवाज होतो, तो माणूस दचकतो. हे दचकले नाहीत. फक्त गळ्यातली किल्ली त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"मांजर," ते म्हणाले. "वहिनींना म्हणावं, उन्हात उभ्या राहू नका."

नऊ वर्षांत दिरांनी आपल्याविषयी काढलेला हा पहिला शब्द. माई फाटकाच्या गजाला हात लावून क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. दिरांचा गजावरचा हात त्यांच्या हातापासून वितीच्या अंतरावर होता. बोटांची टोके पांढरी पडून सुरकुतली होती, पाण्यात फार वेळ राहिल्यावर होतात तशी. आणि नखाच्या कडेला निळा डाग होता.

५

शुक्रवारी दुपारी माईंनी सगळ्यांना अंगणात बसवले. मुलाला दुकान बंद करून यावे लागले. सूनही हात पुसत आली.

"आधी पाणी काय आहे ते सांगा," कानसेन माईंना म्हणाले. "तो भाग तुमचा."

"नीळ आणि खळ," माई म्हणाल्या. "पांढरे कपडे पिवळे पडू नयेत म्हणून शेवटच्या पाण्यात नीळ टाकतात, आणि ते ताठ उभे राहावेत म्हणून पेजेची खळ देतात. तुमच्या काचेवर आला तो खळीचा पापुद्रा. भिंत झाल्यापासून आमच्या घरात नीळ आलेली नाही."

"आणि उन्हाचं?"

"खळीचा कपडा सावलीत वाळवला की कुबट वास धरतो. ढग असतील त्या दिवशी जाणती बाई तो भिजवतच नाही."

"म्हणजे काकाच!" मुलगा उठून उभा राहिला. "मी पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"बसा," कानसेन म्हणाले. "आता माझा भाग. पाणी पलीकडून येतं, हे खरं. मागे धुण्याचा दगड आहे ना त्यांच्याकडे?"

"आहे," माई म्हणाल्या. "पूर्वी दोन्ही घरांचं धुणं तिथेच व्हायचं. मशीन आल्यावर दगड ओस पडला."

"तुमचे सासरे कौलांच्या कारखान्यात होते. त्यांनी भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखाली एकापुढे एक मांडले, दगडापासून थेट लिंबाच्या मुळापर्यंत. रोजच्या धुण्याचं पाणी झाडाला. म्हणून कुणी पाणी घातलं नाही आणि झाड सुकलं नाही. नळ साबूत आहेत म्हणून भिंतीपाशी ओल नाही; ते जिथे संपतात तिथेच पाणी वर येतं. धुणं दहाला, पाणी इथे अकरा-साडेअकराला. आता सांगा, भिंतीचा पाया खणताना हे नळ लागले असतील. ते बुजवले का नाहीत?"

सगळ्यांच्या नजरा मुलाकडे वळल्या. नऊ वर्षांपूर्वी भिंत बांधून घेणारे दोघेच होते, तो आणि त्याचे काका. दोघांनी एकमेकांशी न बोलता ती बांधली: अर्धी जाडी याच्या विटांची, अर्धी त्यांच्या विटांची, पाठीला पाठ लावून.

"गवंड्याने विचारलं होतं मला," मुलगा खाली बघत म्हणाला. "खाली मातीचा नळ लागलाय, काय करू? मी म्हटलं, पाणी त्यांचं आहे, त्यांनी बुजवावं. काकांनाही विचारलं म्हणे त्याने."

"आणि काका म्हणाले असतील, झाड त्यांचं आहे, त्यांनी बुजवावं."

मुलाने पायाने मातीतला खडा सरकवला.

"एकाने जरी दुसऱ्याला विचारलं असतं, तर काम दोन टोपल्या मातीचं होतं," कानसेन म्हणाले. "दोघांनाही वाटलं समोरच्याने केलं. नंतर दगडावर धुणंच होईना, म्हणून झाड वाळलं आणि कुणाला पत्ता लागला नाही. पाच आठवड्यांपूर्वी धुणं पुन्हा सुरू झालं. नोटीस पाठवायची असेल तर तिच्यावर दोन नावं घाला. पहिलं तुमचं."

सून तोंडाला पदर लावून हसली, आणि सासूकडे बघून एकदम थांबली.

माईंचा चेहरा पांढरा पडला होता.

"कानसेन," त्या म्हणाल्या, "दिवसाला किती पाणी येतं?"

"दोन बालद्या. फार तर अडीच."

"म्हणजे एकच कपडा. एका पांढऱ्या कपड्याचं धुणं, नीळ, खळ." त्या सावकाश बोलत होत्या. "माझ्या दिरांनी जन्मात स्वतःचा रुमाल पिळला नाही. काल त्यांच्या अंगावरचा सदरा तुम्ही पाहिलात. मळका. जो माणूस रोज सकाळी तासभर कपडे धुतो, त्याची कॉलर मळकी का? कारण तो धुतो ते त्याचे नसतात."

"कुणाचे?"

"या घरांत पांढरं आणि खळीचं एकच माणूस घालत असे. तीस वर्षं. मेट्रनचा गणवेश."

"पण काकू तर सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या," सून म्हणाली. "आणि त्या लेकीकडे आहेत."

"आठवणीसाठी जपलेला कपडा माणूस एकदा धुतो आणि पेटीत ठेवतो. रोज एक धुवायला काढायचा, म्हणजे रोज एक अंगावरून उतरलेला असतो." माईंनी खुर्चीचा हात धरला. "आणि चोराच्या भीतीने दार लावणारा माणूस भर दिवसा आतून कुलूप लावून किल्ली गळ्यात घालत नाही. फाटकाला उंचावर अडसर बसवत नाही. ते बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून नाही. आतल्याने बाहेर पडू नये म्हणून आहे."

सुनेची नजर भिंतीकडे गेली.

"ती लेकीकडे नाही," माई म्हणाल्या. "ती पाच आठवड्यांपासून इथे आहे, त्या भिंतीच्या मागे. रोज सकाळी उठून ड्युटीवर जायला निघते. आणि मी तिच्या परत येण्याची वाट बघत इथे बसले आहे."

६

शनिवारी सकाळी मुलाने फोन करून खोदाईचे मशीन नको म्हणून सांगितले. नोटिशीचे काय केले, ते माईंनी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. सात वाजता माई एकट्याच निघाल्या, गल्लीच्या कडेने, काठी टेकत, भिंतीला वळसा घालून.

दीर फाटकाशी आले. माईंनी हाकही मारली नव्हती.

"कळलं तुम्हाला," ते म्हणाले.

"कळलं."

"लेकीकडे तिला करमेना. रोज पहाटे रुग्णालयात जायचं म्हणून दार वाजवायची. लेक रडायची. म्हणून घेऊन आलो. इथे निदान घर ओळखीचं." त्यांनी बोटे सदऱ्याला पुसली. "गणवेश घातला की शांत असते. पण स्वच्छ लागतो, आणि मशीनचा आवाज तिला सहन होत नाही. चादरी तेवढ्या बाहेर देतो. वहिनी, ती ज्या ताठ्यात चालली आहे आयुष्यभर, ते सगळ्यांनी पाहिलंय. तिला असं कुणी बघावं, हे मला नको होतं."

"खळ पातळ करता तुम्ही," माई म्हणाल्या. "पापुद्रा फार पातळ होता. उद्यापासून मी देते."

दिरांनी कुलूप काढून अडसर सरकवला. "वहिनी, तुम्ही कोण ते तिला कळणार नाही. अपेक्षा ठेवू नका."

"ओळखदेख करायला नाही आले, भाऊजी. कामाला आले आहे."

आतल्या खोलीत, खिडकीपाशी, जेवणाच्या टेबलावर धुतलेल्या चादरींचा ढीग होता. त्याच्यामागे मेट्रन उभी होती. केस पार पांढरे, पण भांग सरळ. गणवेशाला एकही सुरकुती नाही. नऊ वर्षे माईंनी हा चेहरा मनात धरला होता, आणि आता तो समोर असताना त्यांना पुढचे पाऊल टाकवेना.

मेट्रनने मनगटाकडे पाहिले. घड्याळ नव्हते, तरी पाहिले.

"ड्युटी किती वाजताची?"

"सातची, मेट्रन."

"आणि आता?"

"साडेसात व्हायला आले."

"कारण?"

माईंनी कितीतरी दिवस घोळवलेले शब्द होते. चांगले, मुद्देसूद, मानाला धक्का लागणार नाही असे. त्यांतला एकही आठवला नाही.

"घरात माणूस आजारी होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं होतं, वेळेत आणा. मी ऐकलं नाही. उशीर केला. चूक माझी होती, आणि वर मी तुम्हालाच बोलले."

मेट्रनने त्यांच्याकडे पाहिले. डोळ्यांत काही हलले, की खिडकीबाहेरची फांदी हलली, ते माईंना सांगता आले नसते.

"घाबरलेली माणसं बोलतात," मेट्रन म्हणाली. "आपण मनावर घ्यायचं नसतं. नवीन आहेस, शिकशील. चष्मा पूस आधी, काही दिसत नसेल. आणि ती काठी कोपऱ्यात ठेव. हं, टोक धर."

माईंनी चादरीची दोन टोके धरली. समोरची दोन मेट्रनच्या हातात होती. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लागले, दोघी पुन्हा मागे सरल्या. दारात दीर उभे होते; त्यांनी किल्लीची दोरी गळ्यातून काढून खुंटीला अडकवली.

"कोपऱ्याला कोपरा लागला पाहिजे," मेट्रनने बजावले. "नाही लागला तर घडी मोडायची आणि पहिल्यापासून करायची. माझ्या वॉर्डात वेडंवाकडं चालत नाही."

"बरं, मेट्रन."

साऱ्या घराला आयुष्यभर टापटीप शिकवणाऱ्या माईंनी पहिली घडी अचूक घातली. दुसरीही घातली. मग त्यांनी ढिगाकडे पाहिले. तीनच चादरी उरल्या होत्या. तिसऱ्या चादरीचा कोपरा त्यांनी मुद्दाम चार बोटे चुकवला.